युद्धकैद्याचे नाव : ‘स्टार ट्रेक’ कथाविश्वातील बंदिवासाचा भाषिक विचार

रणांगणावर शत्रूच्या हाती सापडलेल्या माणसाला कसे वागवावे, याविषयीचे नियम फार प्राचीन काळापासून आढळतात. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात ज्यांच्यावर शस्त्र उगारू नये अशा योद्ध्यांची गणना आहे. तीत हात जोडलेला, केस सुटलेला, खाली बसलेला यांच्या मालिकेतच ‘मी तुझा आहे’ असे म्हणणारा योद्धाही येतो. पहिल्या तिघांना अभय मिळते ते त्यांच्या दृश्य अवस्थेमुळे. चौथ्याला ते केवळ एका वाक्याच्या उच्चारामुळे मिळते. मराठीतील ‘दाती तृण धरणे’ हा वाक्प्रचारही शरणागतीच्या अशाच एका संकेताची स्मृती जपून आहे. शरण जाणे आणि शरणागताचा स्वीकार करणे या बऱ्याच अंशी चिन्हांच्या व शब्दांच्या क्रिया होत. म्हणूनच युद्धकैद्याचा प्रश्न कायद्याच्या व नीतिशास्त्राच्या अभ्यासकांप्रमाणे भाषेच्या अभ्यासकासही विचारणीय ठरतो.

या प्रश्नाची भाषिक बाजू ज्या आधुनिक कथाविश्वात विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळते, ते म्हणजे ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन दूरचित्रवाणीमालिका व तिच्यातून निघालेल्या उपमालिका. विज्ञानकथेत परिस्थितीतील एखादा घटक वाढवून किंवा वगळून त्याचा परिणाम पाहता येतो. प्रत्यक्ष जगात कैद्याचे नाव, त्याचा दर्जा, त्याची वाचा या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. कथेत त्या सुट्या करता येतात. प्रयोगशाळेत जे काम पदार्थांचे पृथक्करण करते, त्याच्याशी या पद्धतीचे काही साम्य आहे. अर्थात कथेतील प्रसंग हा पुरावा नव्हे, हे भान ठेवूनच पुढील विवेचन करावयाचे आहे.

१. कथाविश्वाचा परिचय

‘स्टार ट्रेक’चा आरंभ ८ सप्टेंबर १९६६ रोजी झाला. तिचे जनक जीन रॉडनबेरी यांनी दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक रणक्षेत्रात बाँबफेकी विमानाचे वैमानिक म्हणून काम केले होते. पुढे ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही मालिका १९८७ ते १९९४ या काळात, तर ‘डीप स्पेस नाइन’ ही १९९३ ते १९९९ या काळात प्रसारित झाली. या कथाविश्वात पृथ्वीसह अनेक ग्रहांचा एक संघ असून तो स्वतःला शांततावादी व कायद्याने बांधलेला मानतो. त्याच्याभोवती क्लिंगॉन, रोम्युलन, कार्डेशियन, डोमिनियन अशी प्रतिस्पर्धी राज्ये आहेत. याशिवाय बोर्ग नावाची एक समूहसत्ता आहे, जिच्या घटकांना स्वतंत्र मन किंवा नाव नसते.

पहिल्या मालिकेतही बंदिवासाचे प्रसंग आहेत. ‘एरंड ऑफ मर्सी’ (१९६७) या भागात ऑर्गेनिया ग्रह व्यापणारा क्लिंगॉन सेनापती कोर रहिवाशांना ओलीस धरून ठार मारण्याची आज्ञा देतो. शिवाय त्याच्याजवळ कैद्याच्या मनातील मजकूर परस्पर काढून घेणारे एक यंत्र आहे. या यंत्राचे भाषिक महत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. कैद्याजवळ उरलेली अखेरची संपत्ती म्हणजे त्याचे मौन. हे यंत्र मौनालाच निरर्थक करून टाकते. तथापि युद्धकैद्याचा दर्जा हा कथेचा केंद्रविषय होतो तो १९९० नंतरच्या भागांत, आणि येथील विवेचन मुख्यतः त्यांच्यापुरते मर्यादित आहे.

२. ‘युद्धकैदी’ या संज्ञेचे स्वरूप

मराठीत ‘कैदी’, ‘बंदी’, ‘बंदिवान’, ‘ओलीस’ हे शब्द एकमेकांजवळचे असले तरी समानार्थी नाहीत. ‘कैद’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. त्याला आज तुरुंगाचा व शिक्षेचा वास आहे. ‘खुनी कैदी’ या शब्दप्रयोगात विशेषण त्या व्यक्तीच्या कृत्याचा निर्देश करते. ‘युद्धकैदी’ या समासात मात्र पूर्वपद व्यक्तीच्या कृत्याचे नाव नाही. ते कैदी आणि त्याला धरणारा या दोघांनाही व्यापणाऱ्या परिस्थितीचे नाव आहे. युद्धकैद्याला जे अडकवून ठेवले जाते ते त्याने गुन्हा केला म्हणून नव्हे, तर युद्ध चालू आहे म्हणून. युद्ध संपले की अडकवून ठेवण्याचे कारणही संपते. समासाच्या घडणीतच असा एक संपूर्ण कायदेशीर सिद्धान्त सामावलेला आहे.

१२ ऑगस्ट १९४९ रोजी जिनीव्हा येथे झालेल्या चार करारांपैकी तिसऱ्या करारात हा सिद्धान्त १४३ कलमांत विस्ताराने मांडला आहे. त्यापूर्वीच्या १९२९ च्या करारात ९७ कलमे होती. भारताने १९५० मध्ये या करारांस मान्यता दिली आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी १९६० मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. तिसऱ्या कराराचे चौथे कलम कोणाला युद्धकैदी म्हणावे ते सांगते. पाचव्या कलमाची योजना विशेष मार्मिक आहे. धरलेल्या व्यक्तीला हे नाव लागू पडते की नाही याविषयी संशय असेल, तर अधिकृत न्यायमंडळाचा निर्णय होईपर्यंत तिला युद्धकैद्याचेच संरक्षण द्यावयाचे. नाव अनिश्चित असताना कोणते नाव धरून चालावे, याचा निकाल कायद्याने आधीच लावून ठेवला आहे. सतराव्या कलमानुसार कैद्याने आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक एवढेच सांगणे बंधनकारक आहे. त्यापलीकडची माहिती काढण्यासाठी त्याला शारीरिक वा मानसिक यातना देता येत नाहीत.

३. नाव देण्याचे नाकारणे

‘चेन ऑफ कमांड’ हा ‘द नेक्स्ट जनरेशन’मधील दोन भागांचा कथाप्रसंग डिसेंबर १९९२ मध्ये प्रसारित झाला. एन्टरप्राइज या नौकेचा कप्तान पिकार्ड याला सेल्ट्रिस-तीन या ग्रहावरील एका गुप्त मोहिमेवर धाडले जाते. तेथे घातक जैविक अस्त्रे बनविली जात असल्याची वार्ता असते. पण ती वार्ता म्हणजे त्यालाच पकडण्यासाठी कार्डेशियनांनी रचलेला सापळा निघतो. मिनोस कोर्वा या ग्रहावर आक्रमण करण्याचा त्यांचा बेत असून, त्या ग्रहाच्या संरक्षणाची योजना त्यांना पिकार्डकडून काढून घ्यावयाची असते.

या कथाविश्वात जिनीव्हा कराराच्या धर्तीवर सेल्डोनिस-चारचा करार आहे आणि तो युद्धकैद्यांच्या वागणुकीचे नियमन करतो. कार्डेशियनही त्याने बांधलेले आहेत. तरीही पिकार्डचा छळ होतो, आणि तो कराराचा उघड भंग करून होत नाही. त्यांचा युक्तिवाद असा की, पिकार्ड ग्रहसंघाच्या आज्ञेवरून आला होता हे ग्रहसंघ मान्य करीत नाही. मग तो सैनिक कसा? तो दहशतवादी होय, आणि दहशतवाद्याला करार लागू नाही. उपकप्तान रायकर आग्रह धरतो की, पिकार्ड आज्ञेवरून गेला होता एवढे कबूल करावे, म्हणजे त्याला युद्धकैद्याचा दर्जा मिळेल. नवा कप्तान जेलिको त्यास नकार देतो. कारण ती कबुली म्हणजे आपल्याच आक्रमणाची कबुली ठरेल आणि वाटाघाटीत शत्रूचे पारडे जड होईल.

जे. एल. ऑस्टिन या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९५५ च्या आपल्या व्याख्यानमालेत (ती १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली) दाखवून दिले की, काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन न करता वस्तुस्थिती घडवितात. ‘हा आमचा सैनिक आहे, आमच्या आज्ञेवरून गेला होता’ हे वाक्य वरवर पाहता वर्णनपर आहे. पण येथे ते कृतीचे काम करते. त्याच्या उच्चारावर एका मनुष्याचे शरीर सुरक्षित राहणार आहे किंवा नाही. या प्रसंगात उच्चार टाळण्यात दोन्ही बाजूंचे हित आहे, आणि त्याची किंमत ज्याला मोजावी लागते त्याला मात्र ते वाक्य उच्चारण्याचा अधिकार नाही. पिकार्डने स्वतः ‘मी युद्धकैदी आहे’ असे कितीही वेळा म्हटले तरी ऑस्टिनच्या परिभाषेत ती उक्ती निष्फळच ठरते. मनुस्मृतीतील शरणागताचे वाक्य त्याच्या स्वतःच्या मुखातून फलद्रूप होत होते. आधुनिक राज्यव्यवस्थेत ते वाक्य राज्याच्या मुखातून यावे लागते. या बदलाचे गांभीर्य सदर कथेत चांगले उतरले आहे.

प्रत्यक्ष इतिहासातही या युक्तीची उदाहरणे आहेत. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची शस्त्रसंधी जाहीर झाल्यावर जर्मनीने सहा लाखांच्या आसपास इटालियन सैनिकांना बंदिवासात नेले आणि त्यांना ‘युद्धकैदी’ न म्हणता ‘लष्करी स्थानबद्ध’ असे नवे नाव दिले. या एका नामांतरामुळे १९२९ च्या कराराचे संरक्षण व रेड क्रॉसची मदत त्यांना दुरावली, आणि त्यांना सक्तीच्या श्रमास जुंपणे सोपे झाले. त्यांतील हजारो परतले नाहीत. अमेरिकेने जानेवारी २००२ मध्ये ग्वान्टानामो येथे कैदी नेण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांना ‘बेकायदा लढवय्ये’ ही संज्ञा लावली; ७ फेब्रुवारी २००२ च्या अध्यक्षीय आदेशाने त्यांना युद्धकैद्याचा दर्जा नाकारण्यात आला. जून २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, चारही जिनीव्हा करारांना समान असलेल्या तिसऱ्या कलमाचे किमान संरक्षण अशा कैद्यांनाही आहे, असा निर्णय दिला. १९९२ ची कथा या घटनेच्या दहा वर्षे आधीची आहे. भविष्यकथन म्हणून तिची थोरवी सांगण्याचे कारण नाही. युक्ती जुनीच असल्यामुळे ती कथेत व इतिहासात सारखीच दिसते, इतकेच.

४. नाव काढून घेणे

पिकार्डचा छळक गुल मॅड्रेड हा प्रारंभीच त्याचे नाव व हुद्दा रद्द करतो आणि यापुढे त्याला केवळ ‘मानव’ म्हणून संबोधले जाईल असे जाहीर करतो. ‘मानव’ हा शब्द पिकार्डच्या ग्रहसंघात गौरवाचा. पण येथे तो जातिवाचक नाम म्हणून वापरला जातो आणि विशेषनामाची जागा घेतो. विशेषनाम एका व्यक्तीचा निर्देश करते. जातिवाचक नाम त्या जातीतील कोणत्याही व्यक्तीला चालते. ज्याच्या जागी दुसरा कोणीही चालेल, त्याचे काहीही करता येते. सतराव्या कलमात कैद्याने सांगावयाच्या माहितीत नाव अग्रस्थानी का आहे, याचा उलगडा येथे होतो. ते कलम शत्रूला माहिती पुरविते, तसेच कैद्याला आपले नाव धारण करण्याचा हक्कही देते.

यानंतर येते ती प्रसिद्ध दिव्यांची चौकशी. कैद्यासमोर चार दिवे आहेत. ते पाच आहेत असे त्याने म्हणावे अशी मॅड्रेडची मागणी आहे, आणि प्रत्येक खऱ्या उत्तराला वेदनेची शिक्षा आहे. जॉर्ज ऑरवेल यांच्या १९४९ च्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीतील बोटे मोजण्याच्या प्रसंगाशी याचे नाते उघड आहे. लष्करी माहितीच्या दृष्टीने दिव्यांची संख्या निरुपयोगी आहे, आणि तीच या चौकशीची कळ आहे. फर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे प्रतिपादन आहे की, शब्द व अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असला तरी तो कोणा एका व्यक्तीला आपल्या मर्जीने बदलता येत नाही. तो समाजाच्या मालकीचा असतो. मॅड्रेड नेमका हाच अधिकार स्वतःकडे घेऊ पाहतो. ‘पाच’ या शब्दाचा अर्थ खोलीबाहेरच्या भाषिक समाजाने न ठरविता त्या खोलीतील बलवानाने ठरवावा, असा त्याचा आग्रह आहे. कैद्याने तो मान्य केला की त्याचा आपल्या भाषिक समाजाशी असलेला अखेरचा दुवा तुटतो.

कथेचा शेवट या दृष्टीने प्रामाणिक आहे. सुटकेच्या क्षणी पिकार्ड चार हीच संख्या ओरडून सांगतो; परंतु नौकेवर परतल्यावर तो कबूल करतो की, शेवटी त्याला पाच दिवे खरोखरच दिसू लागले होते. जिभेने शब्द राखला, पण दृष्टी ढळली. यातना देऊन मिळविलेल्या कबुलीला पुराव्याचे मोल का नाही, याचे इतके नेमके उदाहरण क्वचित आढळते. अशा चौकशीतून निघालेले वाक्य खोटे असते एवढेच नव्हे, तर ते बोलणाऱ्याला खरे वाटू लागलेले असू शकते.

५. नाव देणे

याच वर्षीच्या मे महिन्यात प्रसारित झालेला ‘आय, बोर्ग’ हा भाग वरील कथेचे उलट चित्र समोर ठेवतो. येथे कैदी शत्रूचा आहे आणि धरणारे ग्रहसंघाचे आहेत. अपघातात सापडलेल्या एका तरुण बोर्गला वैद्य बेव्हर्ली क्रशर वाचविते आणि त्याला एन्टरप्राइजवर आणले जाते. त्याला नाव नाही. तो स्वतःला पाचांपैकी तिसरा म्हणवितो. नौकेवरील अधिकारी त्याचा उल्लेख निर्जीव वस्तूसाठी वापरावयाच्या सर्वनामाने करतात. त्याच्या मेंदूत एक सदोष आकृती भरून त्याला परत पाठवावयाचे व त्याच्याकरवी संपूर्ण बोर्गसमूहाचा नाश घडवावयाचा, अशी योजना पिकार्ड मान्य करतो.

यात पिकार्डचा स्वतःचा पूर्वानुभव आहे. ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्‌स’ (१९९०) या कथेत बोर्गांनी त्याला पकडून आपला प्रवक्ता बनविले होते आणि ‘लोक्युटस’ हे नाव दिले होते. हा लॅटिन शब्द ‘बोलणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेले भूतकालवाचक धातुसाधित होय. बोलण्यावरून नाव मिळालेल्या या कैद्याला स्वतःचे मात्र काहीही बोलता येत नव्हते. त्याचे ज्ञान वापरून ग्रहसंघाच्या ३९ नौका नष्ट करण्यात आल्या. कैद्याला त्याच्याच पक्षाविरुद्ध सेवा करावयास लावणे हे तिसऱ्या जिनीव्हा कराराच्या १३० व्या कलमानुसार गंभीर उल्लंघनांत मोडते. ज्याने हे स्वतः भोगले, तोच आता दुसऱ्या कैद्याचा शस्त्रासारखा उपयोग करावयास निघतो, आणि ‘नियमबद्ध’ ग्रहसंघात त्याला प्रारंभी फारसा विरोधही होत नाही. मालिकेने आपल्या नायकांना येथे सूट दिलेली नाही, ही तिच्या बाजूने सांगण्याजोगी गोष्ट आहे.

योजना फिसकटते ती व्याकरणामुळे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. अभियंता ला फोर्ज कैद्याशी बोलताना त्याला नाव सुचवितो ते ‘ह्यू’. इंग्रजीतील ‘यू’ या द्वितीयपुरुषी सर्वनामाच्या उच्चारातूनच ते सुचलेले आहे. एमील बेनव्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने सर्वनामांच्या स्वरूपाविषयी असे मत मांडले आहे की, खरे ‘पुरुष’ प्रथम व द्वितीय हे दोनच होत. तृतीयपुरुष हा वस्तुतः अ-पुरुष, म्हणजे संवादात सहभागी नसलेला. ‘मी’ आणि ‘तू’ एकमेकांस जन्म देतात. ज्याला ‘तू’ म्हटले त्याला उत्तरादाखल ‘मी’ म्हणण्याची जागा मिळते. या भागातील कथानक अगदी याच क्रमाने पुढे सरकते. प्रथम तो बोर्ग नपुंसकलिंगी वस्तू असतो. मग त्याला ‘तू’ म्हटले जाते. त्या ‘तू’चे नाव होते. नाव मिळाल्यावरही तो काही काळ स्वतःस ‘आम्ही’च म्हणतो. अखेर पिकार्ड लोक्युटसचे सोंग घेऊन त्याला ला फोर्जचे आत्मसात्करण करण्यात साहाय्य करण्याची आज्ञा देतो, तेव्हा तो नकार देताना प्रथमच ‘मी’ हे सर्वनाम उच्चारतो. त्या एकवचनानंतर योजना पुढे नेणे पिकार्डला शक्य होत नाही.

मराठी वाचकाला या ठिकाणी ‘तो’ आणि ‘ते’ यांतील भेद सहज जाणवेल. जपानच्या ७३१ क्रमांकाच्या लष्करी पथकाने मांचुरियात ज्या कैद्यांवर प्रयोग केले, त्यांना ते ‘मारुता’, म्हणजे लाकडाचे ओंडके, म्हणत असत. ओंडक्याला ‘तू’ म्हणता येत नाही.

६. नाव चोरणे

‘डीप स्पेस नाइन’मधील १९९७ चा ‘इन पर्गेटरीज शॅडो’ व त्याचा उत्तरार्ध ‘बाय इन्फर्नोज लाइट’ यांत डोमिनियनची ३७१ क्रमांकाची छावणी येते. ती एका वातावरणहीन लघुग्रहावर आहे. पळून जाण्यास बाहेर हवाच नाही. येथील पहारेकरी कैद्यांचा उपयोग स्वतःच्या द्वंद्वयुद्धाच्या सरावासाठी करतात; क्लिंगॉन सेनापती मार्टोकने अशा झुंजीत एक डोळा गमावलेला आहे. परंतु या छावणीचे खरे भीषण वैशिष्ट्य वेगळे आहे. मार्टोक आणि डॉक्टर बशीर हे येथे बंदिवासात असताना त्यांचे रूप घेतलेले दोन तोतये बाहेर त्यांच्याच नावाने वावरत असतात. त्यामुळे ते हरवले आहेत हे कोणाला ठाऊकच नसते, आणि त्यांचा शोधही होत नाही.

तिसऱ्या जिनीव्हा कराराच्या ज्या तरतुदी कारकुनी वाटतात, त्यांचे मोल अशा वेळी कळते. ७० व्या कलमानुसार छावणीत पोहोचल्यापासून एका आठवड्याच्या आत कैद्याला आपल्या कुटुंबास व मध्यवर्ती संस्थेस पत्रक लिहिता आले पाहिजे. ७१ व्या कलमाने त्याला महिन्याला किमान दोन पत्रे व चार कार्डे पाठविण्याची मुभा आहे. १२२ व १२३ ही कलमे माहिती-कार्यालयांची व मध्यवर्ती नोंदणीची व्यवस्था करतात. एका कार्डावर लिहिलेले नाव म्हणजे हा मनुष्य जिवंत आहे आणि अमुक एका सत्तेच्या ताब्यात आहे, याची जगासमोर दिलेली पावती. ज्याची पावती नाही त्याला नाहीसे करणे सोपे असते.

‘ड्युएट’ (१९९३) या भागात नामापहाराचा प्रकार उलट दिशेने घडतो. बेजोर ग्रहावरील गॅलिटेप या कार्डेशियन श्रमछावणीत कारकून असलेला मारिट्झा हा पकडला गेल्यावर, आपण छावणीप्रमुख गुल दार्हील आहोत असा बहाणा करतो. खरा दार्हील मरण पावलेला आहे. त्याच्या नावाने खटला होऊन फाशी व्हावी, म्हणजे कार्डेशियनांना आपले पाप मान्य करावे लागेल, अशी त्याची आशा आहे. सत्य उघड झाल्यावर त्याला मुक्त केले जाते. पण एक बेजोरन त्याला भोसकतो आणि मृत हा कार्डेशियन होता एवढे कारण पुरेसे आहे असे सांगतो. ज्या मेजर किरा नेरिसने सर्वांत कडवेपणाने त्याची चौकशी केलेली असते, तीच आता हे कारण पुरेसे नाही असे म्हणते. येथेही जातिवाचक नाम विशेषनामावर कुरघोडी करते. मात्र या वेळी ते पीडितांच्या तोंडी आहे.

७. कथेच्या मर्यादा

या कथाविश्वाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. त्यातील कैदी बहुधा अधिकारी असतात. सामान्य शिपायाचा बंदिवास फारसा दिसत नाही. शिवाय त्यांचा बंदिवास पलायनाने, सुटकेच्या धाडसाने वा मृत्यूने संपतो. प्रत्यक्षातील युद्धकैद्याचा बहुतेक काळ जातो तो वाट पाहण्यात. १९७१ च्या युद्धानंतर भारताच्या ताब्यात सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी होते. त्यांच्या परतपाठवणीस २८ ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारानंतर वेग आला आणि ती एप्रिल १९७४ मध्ये पूर्ण झाली. या प्रतीक्षेला नाट्य नसते, म्हणून कथेत तिला जागा मिळत नाही.

परत जाणे या क्रियेचाही अर्थ दिसतो तितका सरळ नाही. तिसऱ्या कराराचे ११८ वे कलम सांगते की, प्रत्यक्ष लढाई थांबताच कैद्यांना विनाविलंब मुक्त करून स्वदेशी पाठवावे. ‘पाठवावे’ यात कैद्याची इच्छा गृहीत आहे काय? या एका प्रश्नावर कोरियातील शस्त्रसंधीची बोलणी १९५२ सालभर अडून राहिली. अखेर २७ जुलै १९५३ रोजी संधी झाल्यावर, परत जाण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांचा ताबा भारतीय संरक्षक दलाकडे आला. त्या दलाचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात हे मूळचे कोल्हापूरकडील होते. प्रत्येक कैद्याला त्याच्या देशाच्या प्रतिनिधीकडून समजावून सांगण्याची आणि त्यानंतर त्याचे उत्तर स्वतः त्याच्याच तोंडून ऐकण्याची योजना त्या व्यवस्थेत होती. ती अनेक कैद्यांच्या बाबतीत पूर्णत्वास गेली नाही. तथापि ज्याच्याविषयी दोन सैन्ये बोलत होती त्याला प्रथमपुरुषी वाक्य बोलण्याची संधी द्यावी, हे तत्त्व तीत मान्य झाले होते. ह्यूलाही शेवटी अशीच निवड दिली जाते. आश्रय मिळत असूनही तो आपल्या मित्रांचा पाठलाग होऊ नये म्हणून परत जाण्याचे ठरवितो.

८. समारोप

वरील उदाहरणांतून असे दिसून येते की, युद्धकैद्याचा छळ सुरू होण्यापूर्वी बहुधा एखादी भाषिक क्रिया घडलेली असते : दर्जाचे नाव नाकारले जाते, विशेषनामाच्या जागी जातिवाचक नाम किंवा क्रमांक येतो, द्वितीयपुरुषाच्या जागी नपुंसकलिंगी तृतीयपुरुष येतो, किंवा नावाची नोंदच होत नाही. जिनीव्हा कराराची चौथे, पाचवे, सतरावे व सत्तरावे ही कलमे एकत्र वाचली, तर ती याच क्रियांना क्रमाने अटकाव करतात असे आढळेल. कायद्याच्या भाष्यकारांनी त्यांची चर्चा हक्क व कर्तव्य या परिभाषेत केली आहे. ‘स्टार ट्रेक’मधील प्रसंग त्यांची भाषिक बाजू उजेडात आणतात.

या दिशेने पुढे अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास मराठीतही भरपूर सामग्री आहे. वृत्तपत्रांतील युद्धवार्ता, सैनिकांच्या आठवणी, तसेच बखरींतील पाडाव झालेल्यांची वर्णने यांत पकडलेल्या शत्रूसाठी कोणती नामे, कोणती सर्वनामे आणि कोणती क्रियापदे येतात, आणि युद्ध संपल्यावर ती बदलतात काय, हे पाहण्यासारखे आहे. ‘पाडाव झालेला’, ‘धरलेला’, ‘शरण आलेला’ या तीन विशेषणांपैकी कोणते निवडले गेले यावरून पुढच्या वाक्यात त्या माणसाला पाणी मिळेल की नाही, याचा अंदाज कितपत बांधता येतो, एवढा एक प्रश्न जरी हाती घेतला तरी तो एका प्रबंधास पुरेल.